ग्रेप सीड एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे द्राक्षबियांचा अर्क: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीपी, पायांची सूज, शुगर, चेहऱ्यावरचे वांग, गळणारे केस. एवढ्या सगळ्यांवर ही एकच कॅप्सूल सांगितली जाते, आणि मग लोक विचारायला लागतात. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी कळेल. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे क्रमांक दिला आहे. तुम्ही किंवा घरातलं कुणी रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल, तर आधी प्रश्न १४ वाचा, बाकीचं नंतर.

१. द्राक्षबियांचा अर्क म्हणजे नेमकं काय? तो बनतो कसा?

वाइन किंवा रस काढून झाला की मागे चोथा राहतो. त्यात साली, देठ आणि बिया असतात. बिया वेगळ्या करून वाळवतात, दळतात आणि गरम पाण्यात किंवा पाणी व इथेनॉलच्या मिश्रणात त्यातली द्रव्यं उतरवून घेतात. तो द्राव आटवून कोरडा केला की तांबूस तपकिरी, जिभेला चांगलीच तुरट लागणारी पूड मिळते. कॅप्सूलमध्ये तीच भरलेली असते. त्यामुळे हा धंदा वाढला तो फ्रान्स, इटली, कॅलिफोर्निया अशा वाइनच्या मुलखांत.

२. त्यात असं काय असतं? डब्यावर ‘ओपीसी ९५ टक्के’ लिहिलंय, ते काय?

द्राक्षातून निघू शकणाऱ्या पॉलिफेनॉल, म्हणजे वनस्पतींमधल्या तुरट-कडसर, द्रव्यांपैकी सुमारे ६० ते ७० टक्के बियांत असतात. सालीत त्याहून बरीच कमी आणि गरात अगदी थोडी. बियांमधल्या मुख्य गटाला प्रोअँथोसायनिडिन म्हणतात. कॅटेचिन आणि एपिकॅटेचिन या लहान रेणूंच्या साखळ्या जोडून ती बनतात. आखूड साखळ्यांना व्यवहारात ओपीसी म्हणतात. फ्रान्समधल्या बोर्दो विद्यापीठातल्या जॅक मास्केलिए यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस ही द्रव्यं पहिल्यांदा वेगळी केली, तीही शेंगदाण्याच्या लाल सालीतून. पाइन वृक्षाची साल आणि द्राक्षाच्या बिया त्यांच्या कामात पुढे आल्या. शेंगदाण्याचा हा धागा लक्षात ठेवा, प्रश्न १९ मध्ये तो पुन्हा लागेल.

‘९५ टक्के’ हा आकडा मात्र जपून वाचावा. कुणी एकूण पॉलिफेनॉल मोजून तो छापतं, कुणी फक्त प्रोअँथोसायनिडिन, आणि मोजण्याच्या पद्धतीही वेगवेगळ्या असतात. दोन डब्यांवर सारखा आकडा असला तरी आतला माल सारखाच असेल असं नाही.

शिवाय पोटात गेलेलं सगळं रक्तात जात नाही. एकेकटे आणि जोडीतले रेणू थोडेफार शोषले जातात. लांब साखळ्या तशाच मोठ्या आतड्यात उतरतात. तिथले जिवाणू त्यांची तोडफोड करतात आणि तयार झालेली लहान आम्लं शरीरात शिरतात. प्रत्येकाच्या आतड्यातले जिवाणू निराळे, म्हणून एकाच कॅप्सूलचा परिणामही माणसागणिक बदलू शकतो.

३. आम्ही नाशिकचे, घरची बाग आहे. मग कॅप्सूल कशाला, द्राक्षंच खाल्ली तर?

द्राक्षं जरूर खा, पण बियांच्या अर्काचा हिशेब त्यातून सुटणार नाही. नाशिक-सांगलीकडे खाण्यासाठी जी द्राक्षं लावतात, म्हणजे थॉमसन, तास-ए-गणेश, सोनाका, शरद, ती बिनबियांची. थॉमसनमध्ये बी धरायला सुरुवात होते आणि मध्येच तिची वाढ थांबते, मऊ खूण तेवढी उरते. तासगावचा बेदाणाही याच द्राक्षांचा. बिया मिळतात त्या बंगलोर ब्लूसारख्या जुन्या वाणांत, कॅबर्ने सोव्हिन्यों, शिराझ अशा वाइनच्या वाणांत आणि बियांच्या काळ्या मनुकांत.

काळ्या मनुका रात्री भिजत घालून सकाळी बियांसकट चावून खाण्याची पद्धत अनेक घरांत आहे. त्यात वाईट काही नाही. बी चावून फोडली तर थोडं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, सुटतं, अख्खी गिळली तर ती बहुतेक तशीच बाहेर पडते. पण चाचण्यांमध्ये रोज दिलेला १०० ते ६०० मिलिग्रॅम अर्क यातून मिळतो असं समजू नका. आणि शुगर असेल तर मनुकांमधली साखर आधी मोजा.

४. ग्रेप सीड ऑइल आणि एक्स्ट्रॅक्ट एकच ना?

नाही. तेल बियांमधल्या स्निग्धांशाचं. त्यात सुमारे ७० टक्के लिनोलेइक आम्ल आणि थोडं ई जीवनसत्त्व असतं. प्रोअँथोसायनिडिन पाण्यात आणि अल्कोहोलमध्ये उतरतात, तेलात जवळजवळ येतच नाहीत. फोडणीला किंवा अंगाला लावायला ते तेल वापरायचं तर वापरा, पण या पानावरचं काहीही त्याला लागू होत नाही.

५. दुकानदाराने ‘ग्रेपफ्रूट सीड एक्स्ट्रॅक्ट’ दिलं. चालेल?

परत करा. ग्रेपफ्रूट हे पपनसाच्या जातकुळीतलं लिंबूवर्गीय फळ, द्राक्षाशी त्याचं काहीही नातं नाही. त्या बियांचा अर्क ‘नैसर्गिक जंतुनाशक’ म्हणून विकला जातो. प्रयोगशाळांनी असे अर्क तपासले तेव्हा अनेकांत बेंझेथोनियम क्लोराइड हे कृत्रिम जंतुनाशक सापडलं, आणि वॉरफेरिन ही रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या रुग्णांचं रक्त त्यामुळे धोकादायक प्रमाणात पातळ झाल्याचं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेलं आहे. डब्यावरचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. लॅटिन नाव ‘व्हायटिस व्हिनिफेरा’ असेल तर ते द्राक्ष. ‘सिट्रस’ दिसलं तर ते द्राक्ष नव्हे.

६. बीपी खरंच कमी होतं का?

थोडं होतं, सगळ्यांचं होत नाही. या अर्काबद्दलचा सगळ्यात भक्कम पुरावा बीपीचाच आहे, म्हणून इथे जरा सविस्तर सांगतो.

२०११ मध्ये ९ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ३९० माणसं होती. वरचा आकडा सरासरी जेमतेम दीड पॉइंटने उतरला. २०१६ मध्ये १६ चाचण्या आणि ८१० माणसांचा हिशेब आला. त्यात वरचा आकडा सुमारे ६ आणि खालचा सुमारे ३ पॉइंटनी उतरलेला दिसला. ५० च्या आतल्या, लठ्ठ आणि मेटाबॉलिक सिंड्रोम असलेल्या लोकांत परिणाम जास्त होता. मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणजे पोटाचा घेर, शुगर, बीपी, चरबी यांची गाठ एकत्र पडलेली स्थिती.

एकीकडे दीड आणि दुसरीकडे सहा, एवढा फरक का? चाचण्या लहान, बहुतेक ४ ते १२ आठवड्यांच्या, अर्क वेगवेगळे, माणसंही वेगवेगळी. किंचित वाढलेलं बीपी असलेल्या आणि गोळ्या सुरू नसलेल्या लोकांना रोज ३०० मिलिग्रॅम अर्क ८ आठवडे देऊन पाहिलेल्या एका नीट आखलेल्या चाचणीत ठोस फरक दिसला नाही. माझं मत विचाराल तर सीमारेषेवरचं बीपी असलेल्या, वजन जास्त असलेल्या चाळिशीतल्या माणसाला दोन-चार पॉइंटची मदत होऊ शकते. त्याहून मोठी आशा धरू नये.

आता यासमोर ताटातला बदल ठेवून पाहा. १९९७ मध्ये अमेरिकेत झालेल्या डॅश आहाराच्या चाचणीत फळं, भाज्या, कमी चरबीचं दूध-दही वाढवलं, तर उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा ११ पॉइंटहून अधिक खाली आला. त्यावर मीठ कमी केलं की तो आणखी उतरतो. लोणचं, पापड, शेव-फरसाण आणि ताटात वरून घेतलेलं मीठ तसंच ठेवून कॅप्सूल विकत घेणं हा उलटा क्रम झाला.

७. मग बीपीची गोळी बंद करून हे सुरू करू का? ‘नैसर्गिक’ आहे म्हणून विचारते.

नका करू, ताई. बीपीची गोळी लकवा आणि हार्ट ॲटॅक टाळते हे हजारो माणसांवर, वर्षानुवर्षांच्या चाचण्यांत सिद्ध झालेलं आहे. द्राक्षबियांच्या अर्काने ते टळतात असं एकाही चाचणीने दाखवलेलं नाही. काही गोळ्या एकदम बंद केल्या तर बीपी उसळतं.

गोळीसोबत घ्यायचं असेल तर डॉक्टरांना सांगून घ्या. दोन्ही मिळून बीपी जास्त उतरलं तर उठताना चक्कर येते. पहाटे बाथरूमला जाताना पडलेल्या वयस्कर माणसाचं खुब्याचं हाड मोडणं ही लहान गोष्ट नाही.

८. दिवसभर उभं राहून पाय सुजतात, निळ्या शिरा दिसतात. याने फरक पडेल?

शाळेतल्या शिक्षिका, वाहतूक पोलीस, दुकानात उभे राहणारे, पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या बाया अशा अनेकांचा हा प्रश्न. पायांच्या शिरांमधल्या झडपा सैल झाल्या की रक्त खाली साठतं आणि संध्याकाळी पाय जड होतात. फ्रान्समध्ये यासाठी द्राक्षबियांचा अर्क औषध म्हणून बरीच वर्षं दिला गेला.

पुरावा मात्र मध्यम आहे. शिरांवर काम करणाऱ्या अशा औषधांचा कॉक्रेन या चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेने २०२० मध्ये पुन्हा आढावा घेतला. सूज किंचित कमी होते, पण रोजच्या जगण्यात फारसा फरक पडत नाही आणि जखमा भरण्याला मदत झाल्याचं दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष. त्यातल्या बहुतेक चाचण्या रुटोसाइड आणि डायोस्मिन यांच्या होत्या, द्राक्षबियांच्या थोड्याच. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही ओपीसीमुळे शिरांचा आजार टळतो हा कंपनीचा दावा मान्य केला नाही. घट्ट मोजे, चालणं, रात्री पायांखाली उशी याला पर्याय म्हणून कॅप्सूल घेऊ नका. सोबत घेऊन पाहायला हरकत नाही.

पण सूज कसली आहे ते आधी कळू द्या. एकाच पायाला अचानक सूज, दुखरेपणा, गरमपणा असेल तर शिरेत गुठळी असू शकते, त्याच दिवशी दवाखान्यात जा. दोन्ही पाय सुजले आणि दमही लागतोय, किंवा सकाळी चेहराही सुजतोय, तर हृदय, मूत्रपिंड तपासून घ्या. आणि बीपीसाठी ॲम्लोडिपिन सुरू असेल तर घोट्यांची सूज बहुधा त्या गोळीची असते. तिथे अर्क घालून काय होणार? डॉक्टर गोळी बदलतील किंवा तिचा डोस कमी करतील, तेच बरं.

९. शुगर आणि कोलेस्टेरॉलवर उपयोग होतो का?

किरकोळ. २०२० मध्ये ५० चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा उपाशीपोटीची साखर सरासरी सुमारे २ आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, सुमारे ५ मिलिग्रॅमने उतरलेलं दिसलं. तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीए१सी या तपासणीत आणि वजनात फरक नव्हता. उपाशीपोटीची साखर १८० असलेल्या माणसाची १७८ झाली तर त्याच्या डोळ्यांना, पायांना काय फायदा?

ब्रिटनमध्ये टाइप २ मधुमेहाच्या ३२ जणांना ४ आठवडे रोज ६०० मिलिग्रॅम देऊन पाहिलं होतं. दाह दाखवणाऱ्या काही तपासण्या सुधारल्या, बीपी सुधारलं नाही. एवढ्या लहान, एवढ्या थोड्या दिवसांच्या चाचणीवरून ‘डायबेटिस रिव्हर्सल’ची जाहिरात करणं मला चुकीचं वाटतं.

१०. चेहऱ्यावरचे वांग जातील? केस वाढतील?

वांगांबद्दल जपानमधला एक लहानसा अभ्यास सगळीकडे सांगितला जातो. १२ स्त्रियांना काही महिने अर्क दिला आणि बहुतेकींचे डाग फिकट झाले. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. वांग ऋतूप्रमाणे, उन्हाप्रमाणे, गर्भनिरोधक गोळ्यांप्रमाणे स्वतःच गडद-फिके होतात, म्हणून तुलना नसली की श्रेय कुणाला द्यायचं ते कळत नाही. पैसे खर्च करायचेच असतील तर आधी चांगल्या सनस्क्रीनवर करा आणि ते रोज लावा.

केसांचे प्रयोग उंदरांवर आणि काचेच्या बशीतल्या पेशींवर झालेले आहेत.

११. मला काहीच आजार नाही. अँटिऑक्सिडंट म्हणून रोज घेतलं तर कॅन्सर, म्हातारपण लांब राहील ना?

तसा पुरावा नाही. प्रयोगशाळेत हा अर्क कॅन्सरच्या पेशींची वाढ रोखतो हे खरं. पण तिथे पेशींवर जेवढं द्रव्य ओततात तेवढं कॅप्सूल गिळून रक्तात कधी पोचत नाही, कारण शोषणच कमी आहे (प्रश्न २).

अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिडेशन अडवणारं द्रव्य, म्हटलं की चांगलंच, हा समज फिनलंडमधल्या एका मोठ्या चाचणीने मोडला. तिथे २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा कॅरोटीन, ई जीवनसत्त्व किंवा औषध नसलेली नकली गोळी वर्षानुवर्षं दिली. १९९४ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर कमी नव्हे, १८ टक्के जास्त निघाला. द्राक्षबियांचा अर्क हे वेगळं द्रव्य आहे, त्याने असं होतं असं मी म्हणत नाही. पण काचेच्या नळीत काय दिसतं त्यावरून माणसाच्या आयुष्याचा अंदाज बांधू नये. डब्यांवर अँटिऑक्सिडंट ताकद म्हणून मिरवला जाणारा ‘ओरॅक’ हा आकडाही नळीतलाच. अमेरिकेच्या कृषी खात्याने त्याची यादी २०१२ मध्ये आपल्या संकेतस्थळावरून काढून टाकली.

तुम्ही निरोगी असाल तर तुम्हाला याची गरज नाही.

१२. बाबांची किमो चालू आहे. अशक्तपणासाठी देऊ का?

त्यांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. किमोची काही औषधं आणि रेडिएशन पेशीत ऑक्सिडेशन घडवूनच काम करतात, आणि त्याच वेळी अँटिऑक्सिडंटचा मोठा डोस देणं उपचाराच्या आड येऊ शकतं. शिवाय किमोत प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशी, उतरलेल्या असतात, त्यात रक्तस्रावाचा धोका वाढवणारं काही नको (प्रश्न १४).

उपचार संपल्यानंतरचाही एक अनुभव नोंदलेला आहे. रेडिएशननंतर स्तनाचा भाग कडक झालेल्या ६६ स्त्रियांना ब्रिटनमध्ये रोज ३०० मिलिग्रॅम अर्क किंवा नकली गोळी ६ महिने दिली. २००६ मध्ये निकाल आला: दोन्ही गटांत फरक नाही. अशक्तपणासाठी बाबांचं जेवण, प्रथिनं आणि हिमोग्लोबिन याकडे आहारतज्ज्ञांच्या मदतीने लक्ष द्या.

१३. किती मिलिग्रॅम घ्यायचं? जेवणाआधी की नंतर?

याचा सगळीकडे मान्य असा रोजचा ठरावीक डोस नाही. चाचण्यांमध्ये बहुधा रोज १०० ते ३०० मिलिग्रॅम वापरलं आहे, काही ठिकाणी ६०० पर्यंत. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर जेवणानंतर घ्या, पण लोहाची गोळी घेत असाल तर प्रश्न १७ वाचून वेळ ठरवा. चाचण्यांत ११ महिन्यांपर्यंत लोकांना तो नीट सोसला आहे. वर्षानुवर्षं घेतल्याने काय होतं हे तपासलेलं नाही, म्हणून ‘कायमचं सुरू ठेवा’ असं मी कुणालाही सांगणार नाही.

१४. मी रक्त पातळ करणारी गोळी घेतो. चालेल का?

नाही. वॉरफेरिन, असिनोकुमारॉल, रिव्हॅरोक्सॅबॅन, अपिक्सॅबॅन यांपैकी काहीही सुरू असेल तर हा अर्क घेऊ नका. यातली द्रव्यं प्लेटलेटना एकमेकींना चिकटू देत नाहीत असं प्रयोगशाळेत दिसलं आहे, म्हणजे गोळीच्या कामात आणखी भर. हृदयात कृत्रिम झडप बसवलेल्या माणसाचा आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा, एका अरुंद पट्ट्यात राखायचा असतो. तिथे अंदाजाने काहीही मिसळणं धोक्याचं.

ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल रोज घेणाऱ्यांनीही टाळावं हेच बरं. ॲन्जिओप्लास्टीनंतर या दोन्ही गोळ्या एकत्र दिल्या जातात, त्या काळात तर नकोच. हिमोफिलिया किंवा रक्तस्रावाचा दुसरा आजार असलेल्यांनाही हेच लागू.

आधीपासून घेत असाल तर घाबरू नका, पण लपवूही नका. थांबवा, डॉक्टरांना सांगा, आयएनआर तपासून घ्या. हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग, काळी शी यांपैकी काही दिसलं तर वाट पाहू नका.

१५. पुढच्या महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. दात काढायचाय, त्याचं काय?

कोणत्याही शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी बंद करा. दात काढणं, इम्प्लांट, हिरड्यांचं ऑपरेशनही यात आलं. भूलतज्ज्ञ ‘कोणती औषधं घेता?’ विचारतात तेव्हा लोक फक्त डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या सांगतात आणि कॅप्सूलचं राहून जातं. डबाच सोबत न्या.

१६. साइड इफेक्ट काय होतात?

बहुतेकांना काही होत नाही. डोकेदुखी, चक्कर, मळमळ, टाळूला खाज एवढ्या तक्रारी नोंदल्या गेल्या आहेत. थांबवल्यावर त्या जातात. अंगावर पित्त उठणं, ओठ सुजणं, श्वास लागणं ही ॲलर्जी, त्यासाठी लगेच दवाखाना.

१७. माझं हिमोग्लोबिन ९ आहे. घेऊ का?

आत्ता नको. आपल्याकडच्या बायकांसाठी हा मुद्दा बीपीइतकाच मोलाचा आहे आणि जाहिरातीत तो कधी येत नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. त्यातही अनेकजणी शाकाहारी किंवा कधीतरीच मांसाहार करणाऱ्या, म्हणजे लोह येणार ते पालेभाज्या, कडधान्यं आणि नाचणी-बाजरीतून. वनस्पतींमधलं हे लोह टॅनिनसारख्या द्रव्यांना चिकटून बसतं आणि शोषलं जात नाही. जेवणावर लगेच चहा घेऊ नका असं सांगतात त्यामागेही हेच कारण. द्राक्षबियांचा अर्क म्हणजे याच तुरट द्रव्यांचा घट्ट साठा, आणि आतड्याच्या पेशींवर केलेल्या प्रयोगांत त्याने लोहाचं शोषण अडवल्याचं दिसलं आहे.

आधी लोहाची गोळी पूर्ण करा, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) वर येऊ द्या. त्यानंतरही अर्क घ्यायचा असेल तर जेवण आणि लोहाची गोळी यांपासून दोन-तीन तास लांब ठेवा.

१८. सोबत व्हिटॅमिन सी घेतलं तर दोन्ही मिळून जास्त चांगलं काम करतील ना?

बीपी असेल तर उलट होऊ शकतं. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये बीपीचे उपचार चालू असलेल्या ६९ जणांवर हे तपासलं. रोज ५०० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी आणि १००० मिलिग्रॅम द्राक्षबियांचं पॉलिफेनॉल एकत्र घेणाऱ्यांचा वरचा आकडा जवळजवळ ५ पॉइंटनी वाढला. कारण पक्कं सापडलेलं नाही, आणि पॉलिफेनॉलचा डोसही नेहमीपेक्षा बराच मोठा होता. तरी निकाल २००५ सालचा आहे आणि दोन्ही एकाच कॅप्सूलमध्ये घालून विकणं अजून चालूच आहे. करोनाच्या काळापासून चघळायच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या रोज खाण्याची सवय अनेकांना लागली आहे. बीपीवाल्यांनी निदान दोन्ही सोबत घेऊ नये. जेवणातलं लिंबू, आवळा, पेरू यांना हे लागू नाही, ते खा.

१९. भेसळ होते का? मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, घरात तीच बाटली असते.

होते, आणि शेंगदाण्याचीच होते. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या बाजारातली २१ उत्पादनं तपासली, त्यांतली ९ भेसळीची निघाली. त्यांपैकी ६ मध्ये तर बहुतांश शेंगदाण्याच्या सालीचाच अर्क होता. प्रश्न २ मध्ये सांगितलं तसं, त्या लाल सालीतही प्रोअँथोसायनिडिन असतातच आणि ती स्वस्त. एकूण पॉलिफेनॉल मोजणारी साधी तपासणी हा फरक पकडत नाही. रेणूंची जोडणी कशी आहे हे बघणारी तपासणी लागते.

म्हणून घरात कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर त्या व्यक्तीने हा अर्क घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बाटलीही मुलाच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. इतरांनी विकत घेताना प्रत्येक बॅचची तपासणी बाहेरच्या प्रयोगशाळेतून करून अहवाल देणारी कंपनी पाहावी.

२०. मुलगा अमेरिकेतून बाटली पाठवतो. ती इथल्यापेक्षा चांगली असेल ना?

मुलाची काळजी खरी आहे, पण ‘अमेरिकेतली’ म्हणजे तपासून सोडलेली असं नाही. तिथल्या १९९४ च्या कायद्यानुसार असली पूरकं विकण्याआधी त्यांचा उपयोग सिद्ध करून सरकारची मंजुरी घ्यावी लागत नाही. वर सांगितलेली भेसळही तिथल्याच बाजारात सापडली. मुलाला सांगा, बाटलीवर ‘यूएसपी’ किंवा ‘एनएसएफ’ असा तपासणीचा शिक्का आहे का ते बघून घे.

इथली बाटली असेल तर एफएसएसएआयचा, म्हणजे आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी क्रमांक शोधा. नियमाप्रमाणे अशा उत्पादनावर ते औषधी वापरासाठी नाही असंही छापलेलं असतं. तरी तोच विक्रेता ‘बीपी मुळापासून बरं’ म्हणत असेल तर तिथून घेऊ नका. मांसाहार वर्ज्य असलेल्यांनी हिरवा ठिपकाही पाहावा, कारण कॅप्सूलचं कवच पुष्कळदा जिलेटिनचं असतं. परदेशी बाटलीवर हा ठिपका नसतो, तिथे घटकांची यादी वाचावी लागते.

२१. गरोदरपणात, बाळाला पाजताना, लहान मुलांना?

नको. या तिघांवर पुरेसा अभ्यास झालेला नाही. गरोदरपणात लोहाचा प्रश्नही आहेच (प्रश्न १७).

२२. रेड वाइन किंवा द्राक्षासव घेतलं तर तेच मिळेल का?

वाइन आंबताना बियांमधलं थोडं टॅनिन तिच्यात उतरतं, पण सोबत अल्कोहोल येतं आणि अल्कोहोल बीपी वाढवतं. आरोग्यासाठी म्हणून दारू सुरू करू नका. रेझव्हेराट्रॉल हे वाइनमधलं गाजलेलं द्रव्यही मुख्यतः सालीतलं आहे, बियांमधलं नव्हे. द्राक्षासव, द्राक्षारिष्ट ही आयुर्वेदाची स्वतंत्र औषधं. त्यांत आंबवण्यामुळे तयार झालेलं अल्कोहोल आणि गूळ-साखर असते, ती वैद्यांच्या सल्ल्याने घ्यायची. द्राक्षबियांच्या अर्कावरच्या चाचण्यांचे आकडे त्यांना चिकटवता येत नाहीत.

२३. डॉक्टर हो म्हणाले, सुरू केलं. फरक पडतोय की नाही कसं ओळखू?

सुरू करण्याआधी एक आठवडा घरच्या यंत्रावर बीपी मोजून ठेवा. सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, पाय जमिनीवर, पट्टा दंडावर. त्याआधी अर्धा तास चहा-कॉफी आणि तंबाखू नको. दर वेळी दोनदा मोजा आणि वहीत लिहा. मग आठ आठवड्यांनी त्याच पद्धतीने पुन्हा एक आठवडा मोजा आणि दोन्ही आठवड्यांच्या सरासरीची तुलना करा. पायांच्या सुजेसाठी शिवणकामाची टेप घेऊन घोट्याच्या वर ठरावीक जागी, रोज संध्याकाळी त्याच वेळी घेर मोजा.

या काळात मीठ, वजन, गोळ्या यांत दुसरा काही बदल केला असेल तर तोही वहीत लिहा, नाहीतर श्रेय भलत्याला जाईल. आठ आठवड्यांनंतरही आकडे हलले नाहीत तर कॅप्सूल बंद करा. ती हळूहळू सोडावी लागत नाही.